पोकरच्या रोख डावातील प्रारंभिक जोडी : संभाव्यता व कायदा

प्रस्तावना :
देवरी तालुक्यात, किंबहुना सर्वच झाडीपट्टीत, दिवाळीनंतर मंडईचा हंगाम सुरू होतो. पत्त्यांतील 'जोडी' म्हणजे काय, हे या दिवसांत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. 'तीन पत्ती'मध्ये शक्य असलेल्या 22,100 वाटपांपैकी 3,744 वाटपांत, म्हणजे सुमारे 17 टक्के वेळा, जोडी येते. आणि एकदा आली की तिची योग्यता बदलत नाही. पोकरच्या 'टेक्सास होल्डेम' या प्रकारात मात्र खेळाडूस दोनच पत्ते मिळतात व पुढे पाच सामाईक पत्ते उघडतात. तेथील जोडी हा केवळ आरंभ होय. हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच उत्तम पत्ते हाती असताना मोठी रक्कम गमावली जाते.

जोडीचे गणित :
52 पत्त्यांतून दोन पत्ते 1,326 प्रकारे येतात. त्यांपैकी 78 जोड्या असतात, म्हणजे सतरा डावांत सरासरी एक. एक्क्यांची जोडी 221 डावांत एकदा येते. सर्व पत्ते उघडेपर्यंत एकच प्रतिस्पर्धी टिकल्यास एक्के सुमारे 85 टक्के वेळा जिंकतात. पाच टिकल्यास सुमारे 49 टक्के व नऊ टिकल्यास अवघे 31 टक्के. दहा जणांत 31 टक्के हा वाटाही वस्तुतः तिप्पट लाभाचा आहे. तोटा होतो तो पुढील बोलींत. प्रतिस्पर्धी अनेक असले की कोणाचे तरी पत्ते जुळतात, आणि रोख डावात प्रत्येकाजवळ पुष्कळ रक्कम शिल्लक असते. अशा वेळी जोडी लहान रकमा जिंकते व मोठ्या हरते. म्हणूनच आरंभीच बोली वाढवून प्रतिस्पर्धी कमी करावे लागतात. पत्ते लपविण्यासाठी स्वस्तात खेळणे बहुधा अंगाशी येते.

'बलवान' हे विशेषणही जपून वापरावे. पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत जोडीहून मोठा पत्ता येण्याची शक्यता बादशहांच्या बाबतीत सुमारे 23 टक्के, राण्यांच्या 41, गुलामांच्या 57, तर दहांच्या बाबतीत 70 टक्के आहे. याउलट त्या तीन पत्त्यांत जोडीची तिकडी होण्याची शक्यता जेमतेम 12 टक्के. रोख डावात ब्लाइंडची रक्कम स्थिर असते, स्पर्धेप्रमाणे वाढत नाही. त्यामुळे राण्या टाकून पुढील डावाची वाट पाहण्यास फारशी किंमत मोजावी लागत नाही. तरीही त्या टाकवत नाहीत, हा मानवी स्वभाव!

कायद्याची बाजू :
जोडी येणे हा दैवाचा भाग, ती केव्हा टाकावी हा कौशल्याचा. न्यायालयीन वादाचे मूळ येथेच आहे. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये रमीत कौशल्याचे प्राधान्य मानले, तीन पत्त्यांच्या खेळास मात्र निव्वळ नशिबाचा ठरविले. पोकरबाबत एकवाक्यता झाली नाही : पश्चिम बंगालच्या 1957 च्या कायद्याने ते जुगाराच्या व्याख्येतून वगळले, तर गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्यास जुगारच म्हटले. महाराष्ट्राने 1976 मध्ये केलेला कॅसिनोविषयक कायदा कधीच अमलात आला नाही व 2023 मध्ये तो रद्द करण्यात आला. शेजारच्या गोव्यात मात्र जहाजांवरील कॅसिनोंना मुभा मिळाली. 2025 मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमात, कौशल्य की नशीब हा भेदच न करता, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदीची तरतूद करण्यात आली.