शाळेंतील लहान कारभारी

घरांतील मूल शाळेच्या मंत्रिमंडळांत निवडून आलें म्हणजे पेढे वाटले जातात, आणि चार दिवसांनीं तें पद सारींच विसरतात. आठ-नऊ वर्षांच्या पोराचें मंत्रिपद तें काय, असें वडीलधाऱ्यांस वाटणें साहजिक आहे. परंतु बीडसारख्या जिल्ह्यांत हें लहानसें पद किती मोलाचें ठरूं शकतें, इकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

महाराष्ट्रांतील जिल्हा परिषदेच्या पुष्कळ प्राथमिक शाळांत अशीं मंत्रिमंडळें निवडतात. उमेदवार उभे राहतात, चिठ्ठ्या टाकून मतदान होतें, विजयी मुलें शपथ घेतात. मग मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, आरोग्यमंत्री अशीं खातीं वांटलीं जातात. परिपाठ चालविणें, पिण्याचें पाणी पाहणें, दुपारच्या भोजनाची पंगत लावणें, गैरहजर सोबत्यांची चौकशी करणें हीं त्यांचीं कामें होत.

यांतील शेवटचें काम बीडमध्यें सर्वांत अवघड. दसरा-दिवाळी उलटली म्हणजे मुकादमाकडून उचल घेतलेलीं हजारों कुटुंबें ऊस तोडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. मागें सांभाळणारें कोणी नसलें म्हणजे मूलही पालावर जातें, आणि पाटी अर्ध्यावर सुटते.

हजेरीपट मूल गेल्यावर बोलतो. सोबती मात्र आधींच जाणतो. कोणाच्या दारीं बोचकीं बांधलीं जात आहेत, कोणाची आजी यंदा गांवीं राहणार नाहीं, हें गुरुजींच्या आधीं शेजारीं बसणाऱ्यास ठाऊक असतें. त्यानें तें वेळेवर सांगितलें व गुरुजींनीं पालकांची गांठ घेतली, तर तें मूल गांवांतील हंगामी वसतिगृहांत राहून शिकूं शकतें. हीं वसतिगृहें शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखालीं चालतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें त्या समितींत तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. महाराष्ट्रांत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही तींत घेतात. तेथें जेवणाविषयीं वा अंथरुणाविषयीं एखादें मूल बोललें, तर तें अनुभवाचें बोलणें असतें.

मात्र पद म्हणजे फळ्यावर बोलणाऱ्यांचीं नांवें लिहिण्याचा हुकूम नव्हे. तें नेहमीं चुणचुणीत, सुस्थितींतील मुलांकडेच गेलें, तर कोयत्यावर जाणाऱ्यांचें मूल मुकेंच राहतें. वॉर्सा शहरीं यानुश कोर्चाक यांनीं १९१२ पासून चालविलेल्या अनाथगृहांत मुलांचें न्यायालय होतें, व त्यापुढें खुद्द कोर्चाकही आरोपी म्हणून उभे राहिले. मोठ्यांनीं उत्तर देण्याची तयारी ठेवली, तरच लहानांच्या सभेस अर्थ येतो. स्वतःसंबंधींच्या गोष्टींत मत मांडण्याचा मुलांचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेनें मानला, आणि भारतानें ती १९९२ मध्यें स्वीकारली.

एकत्र कुटुंबांत मुलांस कामें पुष्कळ सांगितलीं जातात, मत मात्र क्वचित् विचारलें जातें. निवडून आलेलें आपलें मूल सायंकाळीं घरीं येईल, तेव्हां ‘कोणतें खातें मिळालें?’ एवढेंच विचारून थांबूं नये. ‘आज वर्गांत कोण आलें नाहीं, आणि कां?’ हेंही विचारावें, व त्याचें उत्तर आजोबांपासून सर्वांनीं स्वस्थपणें ऐकावें.