आइस्क्रीम-सोड्यावरचा फेस

उंच पेल्यात थंडगार कोला ओतला आणि त्यावर आइस्क्रीमचा गोळा अलगद सोडला, की दोन गोष्टी घडतात. गोळा बुडत नाही, तरंगतो. आणि पाहता पाहता पेल्याच्या काठापर्यंत फेस चढतो. गोळा तरंगतो म्हणूनच या पेयाला ‘फ्लोट’ हे नाव पडले. आइस्क्रीम-सोड्याचा जनक म्हणून अनेकांची नावे सांगितली जातात. त्यांपैकी अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे रॉबर्ट ग्रीन यांनी १८७४ साली तेथील एका प्रदर्शनात हे पेय विकले होते. व्हॅनिलाबरोबर आपल्याकडे कोला आवडतो, तर अमेरिकेत ‘रूट बिअर’ नावाचे, बहुधा मद्यार्क नसलेले गोड पेय. कोणती जोडी चांगली, हे केवळ जिभेने ठरवायचे का? नाही, त्यामागे रसायनशास्त्रही आहे.

आधी गोळा का तरंगतो ते पाहू. आइस्क्रीमचे मिश्रण घुसळत घुसळत गोठवतात, त्यामुळे त्यात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे अडकतात. एक लिटर पाण्याचे वजन सुमारे १००० ग्रॅम भरते. पण आपल्या देशातील नियमांप्रमाणे एक लिटर आइस्क्रीम निदान ५२५ ग्रॅम भरले तरी चालते. म्हणजे डब्यात जवळजवळ निम्मी हवा असू शकते! घनता इतकी कमी असल्यावर गोळा बुडेल कसा?

आता फेसाकडे वळू. सोड्याच्या बाटलीत कार्बन डाय-ऑक्साइड वायू दाबाखाली विरघळवलेला असतो. बूच काढताच दाब कमी होतो आणि वायू बाहेर पडू पाहतो. परंतु द्रवाच्या आत नवा बुडबुडा तयार होणे सोपे नसते. पृष्ठताणामुळे अगदी लहान बुडबुडा चेपला जातो. त्याला सुरुवातीला एखादे बीज लागते. लिंबू-सोड्यात मीठ टाकताच तो फसफसून वर येतो, हे तुम्ही पाहिले असेल. मिठाच्या खडबडीत कणांबरोबर आलेली हवा तेथे बीजाचे काम करते. आइस्क्रीममध्ये तर अशी बीजे तयारच असतात: त्याचे हवेचे बुडबुडे! सोड्यातील वायू त्यांत शिरतो आणि ते फुगत जातात.

पण मिठाने आलेला फेस लगेच विरतो, आइस्क्रीमचा मात्र टिकतो. असे का? वितळणाऱ्या आइस्क्रीममधून दुधातील प्रथिने सोड्यात उतरतात आणि प्रत्येक बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतात. त्यामुळे बुडबुडे चटकन फुटत नाहीत. थोडक्यात, वायू सोड्याचा, बीज हवेचे आणि पापुद्रा दुधाचा.

आता जोडीचा प्रश्न. दुधातील केसीन हे प्रथिन सामू ४.६ च्या आसपास साकळते. कोल्यात फॉस्फरिक आम्ल असते आणि त्याचा सामू सुमारे २.५ असतो. लिंबू किंवा संत्र्याच्या स्वादाच्या पेयांत सायट्रिक आम्ल असते. म्हणून अशा पेयांतील आइस्क्रीम वितळले की काही वेळाने दुधाचे बारीक कण दिसू लागतात. रूट बिअर बरीच कमी आंबट असते, आणि साध्या सोड्यातील कार्बोनिक आम्ल तर फारच सौम्य. त्यांत आइस्क्रीमचा मऊपणा अधिक काळ टिकतो. कोल्याचा फ्लोट करताच पिऊन टाकावा, हे उत्तम! मात्र त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम साखर असते, हेही लक्षात ठेवा.

हे सारे स्वतः पडताळून पाहा. चार सारखे पेले घ्या. पहिल्यात १०० मिलिलिटर पाणी, दुसऱ्यात व तिसऱ्यात तितकाच साधा सोडा आणि चौथ्यात तितकाच कोला ओता. सगळे द्रव सारखेच थंड हवेत, कारण कोमट सोड्यातून वायू लवकर निसटतो. दुसऱ्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका, उरलेल्या तिन्हींत एकेक सारखा चमचा आइस्क्रीम. फेसाची उंची पट्टीने लगेच मोजा आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. पहिल्या पेल्यात बीज आणि पापुद्रा आहे, वायू नाही. दुसऱ्यात वायू आणि बीज आहे, पापुद्रा नाही. तिसऱ्यात आणि चौथ्यात तिन्ही आहेत. कोणता फेस किती चढेल आणि किती टिकेल?

शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी. कुल्फी न घुसळता साच्यात गोठवतात, त्यामुळे तिच्यात हवा फारच कमी असते. सोड्यात तिचा तुकडा टाकला, तर तो तरंगेल की बुडेल? फेस कमी येईल की जास्त? अंदाज आधी वहीत लिहा, कारणही लिहा आणि मगच पेला भरा.