कोणते राज्य भरणार, कोणते ओस पडणार?

अमेरिकेच्या जनगणना खात्याने 2005 साली प्रत्येक राज्याची 2030 पर्यंतची लोकसंख्या वर्तवली. पन्नासपैकी दोनच राज्ये घटणार असे त्यात म्हटले होते: वेस्ट व्हर्जिनिया आणि नॉर्थ डकोटा. नॉर्थ डकोटाची 6 लाख 42 हजारांची वस्ती 2030 मध्ये 6 लाख 7 हजारांवर येईल, असा हिशेब होता. प्रत्यक्षात 2020 च्या जनगणनेत तिथे 7 लाख 79 हजार माणसे निघाली. वेस्ट व्हर्जिनिया मात्र खरोखरच आटले. 2010 ते 2020 या दशकात 3.2 टक्के घट. इतकी दुसऱ्या कोणत्याही राज्यात झाली नाही.

गणित एकच होते. मग एकीकडे नेम लागला आणि दुसरीकडे चुकला, असे का?

अशी भाकिते करण्याची जुनी हौस आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ रेमंड पर्ल आणि त्यांचे सहकारी लोवेल रीड यांनी 1920 मध्ये एक वक्ररेषा मांडली. वाढ आधी संथ, मग वेगवान, पुढे पुन्हा मंद. त्यांच्या मते अमेरिकेची कमाल मर्यादा होती सुमारे 19 कोटी 70 लाख. देशाने 1967 मध्येच 20 कोटींचा आकडा ओलांडला. पर्ल यांनी फळमाश्या बाटलीत वाढवून हीच रेषा दाखवली होती. पण माश्यांना बाटलीबाहेर नोकरी मिळत नाही.

आजची पद्धत अधिक साधी आणि अधिक शहाणी आहे. लोकसंख्येचे वय आणि लिंगानुसार गट पाडायचे. प्रत्येक गट पाच वर्षे पुढे सरकवायचा, त्यातून अपेक्षित मृत्यू वजा करायचे, प्रजननक्षम वयातल्या स्त्रियांच्या संख्येवरून येणारी बाळे मिळवायची आणि शेवटी आलेले-गेलेले धरायचे. यातले मृत्यू बरेच भरवशाचे, साथीचे वर्ष सोडले तर. जन्म त्याहून कमी. आणि स्थलांतर तर अगदीच लहरी, कारण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायला ना व्हिसा लागतो, ना परवाना.

नॉर्थ डकोटात नेमके तेच घडले. पश्चिम भागातल्या बाकन खडकात अडकलेले तेल आडव्या विहिरी खणून आणि खडक फोडून काढता येऊ लागले आणि कामगारांची रीघ लागली. ॲरिझोनात उलटे झाले. 2020 मध्ये तिथे 84 लाख 56 हजार लोक अपेक्षित होते, भरले 71 लाख 51 हजार. मध्ये 2008 ची मंदी आली, घरांचा बाजार कोसळला आणि बांधकामाच्या जोरावर फुगणाऱ्या राज्याचा वेग मंदावला.

वेस्ट व्हर्जिनियाचे भाकीत खरे ठरले ते दुर्दैवाने. 1950 मध्ये तिथे 20 लाख लोक होते. कोळशाच्या खाणींत यंत्रे आली, तरुण कारखान्यांच्या शहरांकडे निघून गेले. तरुण गेले की त्यांची होणारी मुलेही जातात; मागे उरते ते वाढते सरासरी वय. आता तिथे जन्मांपेक्षा मृत्यू जास्त आहेत. त्यात वेदनाशामक ओपिऑइड औषधांचे व्यसन, पुढे हेरॉइन आणि फेंटानिल. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचा दर वर्षानुवर्षे याच राज्यात सर्वाधिक राहिला आहे. हे मृत्यू प्रामुख्याने ऐन उमेदीतल्या लोकांचे. म्हणजे एका नावाबरोबर पुढची पिढीही वहीतून खोडली जाते.

या आकड्यांवर बरेच काही ठरते. प्रतिनिधिगृहाच्या 435 जागा लोकसंख्येनुसार वाटल्या जातात. वेस्ट व्हर्जिनियाच्या सहाच्या दोन झाल्या. न्यूयॉर्कमध्ये 2020 साली आणखी 89 माणसे मोजली गेली असती, तर त्या राज्याची एक जागा वाचली असती!

पण खरी झळ लागते ती छोट्या गावातल्या रुग्णालयाला. प्रसूती विभाग चालवायचा तर परिचारिका, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेची सोय चोवीस तास हवी, मग महिन्याला बाळंतपणे शंभर असोत की दहा. खर्च तोच, उत्पन्न कमी. विभाग बंद होतो. मग मूल हवे असलेले जोडपे तासाभराच्या अंतरावरचे शहर गाठण्यापेक्षा तिथेच राहायला जाते, आणि पुढच्या अंदाजात त्या गावातले जन्म आणखी कमी धरले जातात.