शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्या मेसमधले काका पोलादपूर तालुक्यातले. चपात्या लाटता लाटता गातात. मी कानात इयरफोन घालून जेवणारा प्राणी, त्यामुळे दोन वर्षं ते काय गातात ते कधी ऐकलंच नव्हतं. मार्चमधल्या एका रात्री सबमिशनच्या गडबडीत मोबाईल चार्ज करायचा राहिला आणि नाइलाजाने ऐकलं. चाल जुन्या हिंदी सिनेमातली, ओळखीची. शब्द मात्र बाबासाहेबांवरचे, आणि मराठी!

"काका, कोणाचं गाणं हे?"

"अरे, शेवटच्या कडव्यात नाव आहे की! ऐकलंस कुठं?"

त्यांनी कडवं परत म्हटलं. त्यात नाव होतं 'वामन'. वामन म्हणजे लोककवी वामनदादा कर्डक. मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी. स्वतः गाणी लिहून स्वतः गाणारा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गिटार घेतलेला गोरा माणूसच यायचा. इटलीत अशा कलाकाराला 'कान्ताउतोरे' म्हणतात. गायक आणि लेखक या दोन शब्दांचा जोड! मला तो शब्द माहीत होता, पण वामनदादा माहीत नव्हते. म्हणून हा लेख.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी झाला. घरची गरिबी, शाळा नाही. पोटासाठी मुंबईत आले, गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत राबले. शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहत असताना समता सैनिक दलात जाऊ लागले. तिथे एकदा कुणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचायला दिलं. धडधाकट तरुण माणूस, याला वाचता येत असणारच असं समोरच्याला वाटलं. वामनदादांना एक अक्षर येत नव्हतं. ही गोष्ट त्यांच्या मनाला इतकी लागली की त्यांनी एका मास्तरांकडून बाराखडी शिकायला घेतली. मग दुकानांच्या पाट्या वाचत वाचत त्यांचं वाचन सुरू झालं. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं. तेही एका हिंदी सिनेमागीताचं विडंबन!

मित्रांनो, वयाचा हिशोब करा. तेव्हा ते जेमतेम वीस-एकवीस वर्षांचे होते. म्हणजे आपण ज्या वयात बॅकलॉग मोजतो, त्या वयात त्यांनी अक्षरं गिरवली आणि लगेच गाणी लिहायला घेतली.

पुढची साठेक वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. गावोगाव फिरून गाणं, हाच त्यांचा उद्योग. बाबासाहेबांचा विचार पोहोचवण्यासाठी आंबेडकरी जलसे १९३० च्या दशकातच सुरू झाले होते. त्यातलं एक मोठं नाव भीमराव कर्डक. तेही नाशिककडचेच, पण आडनाव एक असलं तरी माणसं वेगळी, गोंधळ करू नका. जलशामागून गायन पार्ट्या आल्या. ढोलकी, पेटी, दोन-तीन कोरसवाले आणि समोर रात्रभर बसलेली वस्ती. वामनदादांनी हजारो गाणी लिहिली. 'वाटचाल', 'मोहळ' आणि 'हे गीत वामनाचे' हे त्यांचे संग्रह १९७० च्या दशकात निघाले. १९९३ मध्ये वर्ध्याला झालेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ज्याला पत्र वाचता येत नव्हतं, तो साहित्य संमेलनाचा अध्यक्ष! १५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

आता आपल्या भाषेत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या भाषेत, ही गाणी चालायची कशी ते बघू.

पहिली गोष्ट चाल. ओळखीच्या चालीवर गाणं बांधलं की ऐकणाऱ्याला चाल शिकवावी लागत नाही, ती त्याच्या डोक्यात आधीच 'इन्स्टॉल' असते. नवे फक्त शब्द. एका रात्रीत पाठ होतात, आणि सकाळी ऐकणारा गावी गेला की गाणंही त्याच्याबरोबर जातं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत विचार न्यायला याहून स्वस्त साधन मला तरी सुचत नाही. पुढे कॅसेट आल्या, मग सीडी, मग पेनड्राइव्ह. साधनं बदलली, पद्धत तीच राहिली.

दुसरी गोष्ट नाव. तोंडोतोंडी फिरणाऱ्या गाण्याचा कवी हरवतो. गाणारा प्रसिद्ध होतो, लिहिणारा राहून जातो. कॅसेटवर नाव छापलं नाही तर कोण काय करणार? म्हणून वामनदादा शेवटच्या कडव्यात आपलं नाव ओवत. आपल्या संतांनी अभंगात हेच केलं आहे. नाव वृत्तात असं बसवलेलं असतं की ते काढलं तर ओळ लंगडी पडते. कॉपीराइटचा इतका पक्का बंदोबस्त मी कुठे पाहिला नाही.

हे सगळं महाडच्या इतक्या जवळ राहून मला माहीत नव्हतं याचं जास्त वाईट वाटलं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चालत गेले आणि तळ्याचं पाणी प्यायले. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतलं पाणी यांत केवढं अंतर असतं! ते अंतर कापायला माणसं लागतात, आणि त्या माणसांना चालतं ठेवायला गाणी लागतात. वामनदादा तेव्हा चार-पाच वर्षांचे होते. पण पुढे त्यांनी आयुष्यभर केलं ते हेच काम.

आपल्या पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांनी शिवाजी महाराजांचं चरित्र संस्कृतात लिहिलं. ते समजायला पंडित लागतो. वामनदादांचं गाणं समजायला पंडित लागत नाही, मेसमधले काका पुरतात. दोघेही आपल्या जागी मोठेच.

या २० मार्चला मी काकांबरोबर महाडला गेलो. एसटीत उभं राहायला जागा नव्हती. तळ्याच्या रस्त्यावर पुस्तकांचे स्टॉल, निळे झेंडे, आणि चार कण्यांवर चार वेगळी गाणी. काका एकेका गाण्याचं शेवटचं कडवं येईपर्यंत थांबायचे आणि नाव आलं की माझ्याकडे बघून हसायचे. मी गाण्यांचं एक पातळ पुस्तक घेतलं. परतताना त्यांनी म्हटलं, "वाच की मोठ्याने." मी वाचायला लागलो. जोडाक्षराला अडखळलो, परत मागे गेलो. दहावीला मराठी होतं मला, पण पाठ करून पास झालेलो! शेजारच्या सीटवरची एक शाळकरी मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती.

आधी लाज वाटली. मग आठवलं, याच वयात तो माणूस दुकानांच्या पाट्या वाचत मुंबईत फिरत होता.

सध्या मी रोज जेवणानंतर एक गाणं वाचतो. काका चूक काढतात. तुम्हीही कधी मेसमध्ये इयरफोन काढून बसा. आणि गाणं अर्धवट सोडून उठू नका, नाव शेवटी येतं!