शांतिसेनेतील नागरी तज्ज्ञ आणि त्यांची पूर्वतयारी

बंगळुरू – संयुक्त राष्ट्रांच्या सायप्रसमधील शांतिसेनेचे प्रमुख जनरल के. एस. थिमय्या यांचे १८ डिसेंबर १९६५ रोजी तेथेच निधन झाले; त्यांचा दफनविधी बंगळुरूत झाला. ती मोहीम अद्याप सुरू असून सैनिक व पोलिसांच्या जोडीला तीत नागरी अधिकारीही आहेत. दोन्ही सैन्यांमधील निर्लष्करी पट्ट्यात शेत कसायचे, तरी परवानगी लागते. असे प्रश्न बंदुकीने सुटत नाहीत. त्यासाठी दोन्ही समाजांची जाण लागते.

कायदा, निवडणूक, मानवी हक्क अथवा संगणक यांतील प्रावीण्य तज्ज्ञांकडे असतेच. शिकावे लागते ते प्रथमोपचार, बिनतारी संदेशवहन, तपासणी नाक्यावरील वर्तन आणि अपहरण झाल्यास घ्यावयाची दक्षता. हा धोका काल्पनिक नव्हे. कंबोडियात निवडणुकीच्या कामावर असलेले जपानी स्वयंसेवक अत्सुहितो नाकाता यांची एप्रिल १९९३ मध्ये हत्या झाली.

सैनिकांना त्यांचे सरकार पाठवते. भारतात त्यांच्या प्रशिक्षणासाठी २००० साली दिल्लीत केंद्रही स्थापन झाले. नागरी तज्ज्ञाला मात्र बहुधा स्वतःच अर्ज करावा लागतो, किंवा संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमातून जावे लागते. बंगळुरूसारख्या तंत्रज्ञांच्या शहरातही या वाटेची चर्चा क्वचितच होते.