आजीचं मत

गेल्या निवडणुकीला मी बंगळूरहून गोव्याला गेलो नाही. ऑफिसातल्या रिलीजचं निमित्त सांगितलं. आजी दोन दिवस फोनवर बोलली नाही.

मग तिने १६ जानेवारी १९६७ ची गोष्ट काढली. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, याचा जनमत कौल होता. विलीनीकरणासाठी फूल, विरोधासाठी दोन पाने. फूल हरलं : १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१. म्हणूनच १९८७ मध्ये गोवा घटक राज्य होऊ शकलं.

आजोबांचं मत फुलाला, हे अख्ख्या वाड्याला ठाऊक होतं.

"आणि तुझं?" मी विचारलं.

"ते मी पेटीत टाकलं," आजी म्हणाली. "तू तुझं टाकायला ये."

पुढच्या वेळी जाणार आहे.