देव्हारा

देव्हारा : घरातील देवतांच्या मूर्ती, टाक, शाळिग्राम, बाण इ. नित्यपूजेसाठी ज्यात ठेवतात, ते मंदिरसदृश आसन. ‘देवगृह’ या संस्कृत शब्दाशी त्याचा संबंध जोडतात. देव्हारा धातूचा, दगडाचा वा लाकडाचा असतो. तथापि महाराष्ट्रात व विशेषतः कोकणपट्टीत कोरीव लाकडी देव्हाराच रूढ आहे. चौरंग, पाट, सिंहासन, मखर, देवाची पालखी व रथ या वस्तू त्याच कुळातील होत. प्रस्तुत नोंदीत लाकडी देव्हाऱ्याचे घाट, त्याचे कोरीव काम आणि वसई-विरार परिसराच्या संदर्भात त्याची आजची स्थिती यांचा विचार केला आहे.

लाकडी देवप्रतिमा व आसने यांसंबंधीचे शास्त्र जुने आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) मूर्तीसाठी लाकूड आणण्याच्या विधीवर ‘वनसंप्रवेश’ हा आणि पलंग व आसने यांवर ‘शय्यासनलक्षण’ हा, असे दोन स्वतंत्र अध्याय आहेत. स्मशानातील, मार्गावरील, देवालयाजवळील, वारुळाचे, विजेने जळालेले वा पक्ष्यांची घरटी असलेले झाड वर्ज्य सांगितले असून, तोडण्यापूर्वी झाडाची पूजा करून त्यात वास करणाऱ्या भूतांनी अन्यत्र जावे अशी प्रार्थना करावयाची असते. आसनांसाठी प्रशस्त मानलेल्या लाकडांत साग, शिवण, देवदार, चंदन व शिंशपा यांचा उल्लेख येतो. यांपैकी साग व शिवण ही आजही कोकणातील सुताराच्या हातातील लाकडे आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सागात नैसर्गिक तेल असल्याने वाळवी सहसा लागत नाही. शिवण हलके असून वाळल्यावर फारसे वाकत नाही. शिसव कठीण व गडद असल्याने बारीक काम त्यात उठून दिसते, पण त्यात पटाशी चालविणे कष्टाचे असते. फणसाचे पिवळे लाकूड पाट व चौरंग यांसाठी वापरतात.

घाट : देव्हाऱ्याची रचना देवळाच्या रचनेवरून घेतलेली असते. खाली बैठक, तीवर दोन वा चार खांब, खांबांना जोडणारी महिरप, वर छज्जा आणि शेवटी शिखर व कळस, असे त्याचे भाग असतात. मागील फळीवर प्रभावळ कोरतात. बैठकीत बहुधा एक खण असून त्यात गंध, कापूर, वाती, सहाण व पोथी ठेवण्याची सोय असते. महाराष्ट्रातील देव्हाऱ्यांवर पेशवेकालीन वाड्यांच्या लाकूडकामाची छाप स्पष्ट दिसते. सुरूच्या झाडासारखे निमुळते होत जाणारे खांब, पाकळ्यांची महिरप आणि खाली लोंबणारी केळफुले ही पुण्याच्या विश्रामबागवाड्यात ज्या प्रकारची आहेत, तीच लहान प्रमाणात देव्हाऱ्यावर येतात. वाड्याच्या दारावर असते तशी गणेशपट्टीही देव्हाऱ्याच्या कमानीवर असते. इतर प्रांतांत या जागी अनेकदा गजलक्ष्मी आढळते. खांबांच्या पायथ्याशी जय-विजय, माथ्यावर कीर्तिमुख, बाजूस मोर, हंस व पोपट, बैठकीवर कमळाच्या पाकळ्या हे नेहमीचे विषय होत. मोठ्या देव्हाऱ्यात दशावतारांची पट्टीही घालतात.

देव्हाऱ्यात बसणारे देव आणि देव्हाऱ्यावर कोरलेले देव यांत महत्त्वाचा भेद आहे. आतल्या मूर्ती व टाक कुळाचारानुसार येतात. पंचायतनपूजा असलेल्या घरात गणपती, शिव, विष्णू, देवी व सूर्य, तर अन्य अनेक घरांत खंडोबा, भवानी इत्यादींचे रुप्याचे टाक असतात. यांना स्नान, गंध व नैवेद्य असतो. कमानीवरचा गणपती मात्र अलंकरणाचा भाग होय. त्याची प्राणप्रतिष्ठा होत नाही. यामुळे कारागिराला तेथे बरीच मोकळीक मिळते. पूजामूर्तीसाठी शास्त्रोक्त मापे सांगितलेली असली, तरी खांबावरचा मोर किंवा छज्जाखालचा यक्ष सुतार आपल्या हातोटीने घडवितो, आणि चांगल्या व सामान्य देव्हाऱ्यातील फरक बहुधा याच गौण आकृतींत दिसून येतो.

देवप्रतिमा कोठे कोरावी यालाही मर्यादा आहे. ज्या पृष्ठावर माणूस बसतो वा ज्याला पाय लागतो, त्यावर देवाची आकृती कोरणे अनुचित मानले जाते. पाट व चौरंग यांचा माथा म्हणूनच साधा ठेवतात किंवा त्यावर कमळ, वेलबुट्टी कोरतात. झोपाळ्याच्या कड्यांवर मोर व हत्ती येतात, देव येत नाहीत. याउलट युरोपीय बाजारासाठी झालेल्या कामात हा संकेत पाळला गेलाच असे नाही. सतराव्या शतकातील इंडो-पोर्तुगीज कपाटांचे पाय नागिणींच्या वा जटायूच्या आकृतींचे असत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी कोरीव सामानाचा मोठा व्यापार होता. १८८१ मध्ये लॉकवुड डी फॉरेस्ट या अमेरिकन कलावंताने मगनभाई हठीसिंग यांच्या सहकार्याने अहमदाबाद येथे काष्ठकोरीव कामाचा कारखाना काढला, तोही परदेशी घरांच्या सजावटीसाठीच.

काम करण्याची पद्धती : प्रथम लाकूड पुरते वाळवितात. ओल्या लाकडावर कोरलेली आकृती वाळताना तडकते. नंतर कागदावरील नमुना फळीवर उतरवितात, आकृतीभोवतीची जमीन पटाशीने खोल करतात, मग गोल पटाश्यांनी उठाव देतात आणि शेवटी चेहरा, बोटे व दागिने ही बारीक कामे करतात. वाकस व रंधा यांचे काम त्याआधीच संपलेले असते. खरी कसोटी लागते ती लाकडाच्या रेषांची. रेषेच्या उलट दिशेने हत्यार गेल्यास चिलपा उडतो आणि मोराची चोच किंवा गणपतीची सोंड जाते. अनुभवी कारागीर म्हणून आकृती मांडतानाच लांब व नाजूक भाग रेषेच्या दिशेने पाडतो. मागील फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवितात, खिळ्यांनी जखडत नाहीत. पावसाळ्यात ती फुगते व उन्हाळ्यात आकसते आणि त्यासाठी जागा न ठेवल्यास मधोमध फाटते. किनारपट्टीच्या दमट हवेत ही काळजी घाटाइतकीच महत्त्वाची असते.

वसई परिसर : उत्तर कोकणातील वसई, आगाशी व सोपारा या जुन्या बंदरांना पाठीमागील डोंगरातील सागवानाचा आधार होता. आगाशी हे सोळाव्या शतकाच्या आरंभी लाकडाच्या व्यापाराचे व जहाजबांधणीचे केंद्र म्हणून ज्ञात होते. १५३४ च्या तहाने वसई गुजरातच्या बहादुरशाहाकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि येथील इमारती लाकडाला मोठे गिऱ्हाईक मिळाले. मात्र याच राजवटीत हिंदू मूर्ती घडविणे व बाळगणे यांवर निर्बंध आले आणि १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या प्रांतिक धर्मपरिषदेने चर्चच्या प्रतिमा व पवित्र वस्तू अख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. म्हणजे देव्हारा कोरणाऱ्या सुताराचे घरचे गिऱ्हाईक आणि नवे गिऱ्हाईक अशी दोन्ही दारे कायद्याने बंद झाली. अशी मनाई काढावी लागली, यावरूनच हिंदू कारागीर ती कामे करीत होते हे उघड होते.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि या प्रदेशात देवळे पुन्हा उभी राहू लागली. किल्ल्यातील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलखात नेण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा (१७२१) त्यांपैकी एक मानतात. धातूच्या घंटा टिकल्या, लाकूडकामाला मात्र खारी हवा, पाऊस व वाळवी यांनी तसे आयुष्य मिळू दिले नाही. लाकूड टिकतच नाही असे नव्हे. कार्ले येथील चैत्यगृहातील लाकडी कमानी सु. दोन हजार वर्षे कोरड्या खडकाच्या आश्रयाने उभ्या आहेत. घरातला देव्हारा मात्र समई व निरांजन यांची काजळी, स्नानाचे पाणी आणि कुटुंबाच्या वाटण्या या सर्वांतून जातो.

वसई भागात आज काष्ठकोरीव कामाच्या दोन परंपरा शेजारी नांदतात. चर्चसाठी संतांच्या मूर्ती व वेदी आणि ख्रिस्ती घरांसाठी क्रूस घडविणारे कारागीर येथे आहेत, तसेच देव्हारे करणारे सुतारही आहेत. लाकूड, हत्यारे व सांधे दोहोंकडे सारखेच. कमळाच्या जागी द्राक्षवेल येते, इतकेच. वसई-पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत लाकूडसामानाचे कारखाने असून मुंबईच्या बाजारपेठेची गरज हा त्यांचा मुख्य आधार आहे. बाजारात येणाऱ्या देव्हाऱ्यांपैकी अनेक उत्तर प्रदेशातील सहारनपूर येथे तयार होतात. तेथील शिसमवरील कोरीव काम करणाऱ्यांत बहुसंख्य मुसलमान आहेत. त्यामुळे हिंदू घरातील गणेशपट्टी मुस्लिम कारागिराच्या हातची असणे ही आज अपवादात्मक गोष्ट राहिलेली नाही.

सद्यःस्थिती : देव्हाऱ्याचा आकार घराच्या आकाराने ठरतो. वाड्यात देवघर ही वेगळी खोली असे. १८६७ मध्ये विरार ते मुंबई रेल्वे सुरू झाली, तरी या भागाचा ग्रामीण तोंडवळा दीर्घकाळ टिकला. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे सदनिकांची दाट वस्ती झाली, २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली व २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. एक-दोन खोल्यांच्या घरात देव्हारा भिंतीवर टांगला जातो किंवा स्वयंपाकघरातील फडताळात बसतो. शिखर छताला लागते म्हणून ते गाळले जाते आणि चार खांबांचा देव्हारा दोन खांबांचा होतो. या बदलाने कोरीव कामाची जागाच उणावली आहे.

कच्च्या मालाची अडचण वेगळीच आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार खाजगी जमिनीतील सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्यानमारने २०१४ पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात थांबविली. शिसव व शिसम ज्या प्रजातीत मोडतात, त्या डाल्बर्जियाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून नियंत्रित झाला आहे. जंगल राखण्यासाठी हे नियम आवश्यक आहेत यात शंका नाही. परंतु मोठा व्यापारी परवान्यांची कागदपत्रे पुरी करू शकतो, एकट्याने काम करणाऱ्या सुताराला ते जमत नाही आणि तो लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळ्यांकडे वळतो. त्या फळीला रेषा नसतात आणि पटाशीच्या बारीक कामाला ती उपयोगी पडत नाही.

संगणकनियंत्रित खोदयंत्रे आल्यापासून एकाच नमुन्याचे अनेक देव्हारे अल्प खर्चात निघू लागले आहेत. हाताचे काम ओळखण्याच्या काही खुणा सांगता येतात. यंत्राचे पाते सामान्यतः वरून खाली उतरते, त्यामुळे पानाच्या वा बोटाच्या मागची पोकळी त्याला काढता येत नाही. हाताच्या कामात ती असते. हाताने केलेल्या दोन खांबांवरील मोर तंतोतंत सारखे नसतात, आणि उठावाच्या तळाशी पटाशीचे चपटे घाव दिसतात. अनेक कारखान्यांत यंत्राने ढोबळ आकृती काढून चेहरा तेवढा कारागिराकडून पुरा करवून घेण्याची रीत पडली आहे. यात वेळ वाचतो, पण आकृतीची मांडणी शिकण्याची संधी नव्या मुलांना मिळत नाही; ती केवळ डोळे व नाक कोरण्यात तरबेज होतात.

जुना देव्हारा निरुपयोगी झाल्यास तो सरपणात घालीत नाहीत. दुरुस्त करून घेतात, नातलगांना देतात किंवा देवळात ठेवतात. अलीकडे जुन्या कोरीव वस्तूंच्या बाजारात असे देव्हारे विक्रीस येतात. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाखाली येत असल्याने त्या खाजगी रीत्या परदेशी पाठविता येत नाहीत. कोरीव दरवाजे, खिडक्या व गृहोपयोगी वस्तू यांचा मोठा संग्रह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे. दुरुस्तीत मूळ लाकडाच्याच जातीचा तुकडा त्याच रेषेच्या दिशेने बसवावा लागतो. जुन्या कामावर तेलरंग वा चकचकीत रोगण चढविल्यास बारीक उठाव बुजतो, म्हणून काजळी मऊ कुंचल्याने काढून हलके तेल देणे इतकेच पुरेसे असते.